पडवीच्या पत्र्याची सुटलेली फ्लॅशिंग पट्टी पावसाआधी कशी बसवावी

घराच्या मुख्य भिंतीला लागून उतरता पत्रा घातलेला असतो. कोकणात ती पडवी असते, शहरात गच्चीवरची शेड किंवा मागच्या दाराची ओसरी. पत्रा धड असतो, भिंत धड असते, तरी दोन्ही जिथे मिळतात तिथून पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत येतं. तो सांधा झाकायला भिंतीत एक कड खोचून, दुसरी पत्र्यावर पसरून लावलेली वाकवलेली पट्टी म्हणजे फ्लॅशिंग. ती सैल झाली, मधे लोंबली किंवा भिंतीपासून सुटली, की छप्पर नवं असूनही गळतं.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो. सिलिकॉनची ट्यूब आणायची आणि फट दिसेल तिथे भरायची. एखादा पावसाळा त्याने निघतोही. पण पट्टी हलत असेल, तर तिच्यावर भरलेलं कुठलंही सीलंट फाटणारच. आधी पट्टी जागेवर घट्ट बसली पाहिजे, तिचा उतार बाहेरच्या बाजूला पाहिजे, वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढलेला पाहिजे. सीलंट सगळ्यात शेवटी. हा क्रम सांभाळलात तर पडवीसारख्या छोट्या छपराचं काम दोघं जण मिळून एका सुट्टीच्या दिवसात करू शकतात. वेळ मात्र एप्रिल-मेची हवी, आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, बाकी कामांसोबत. जून लागला की भिंत ओली होते आणि ओल्या भिंतीला काहीच धरत नाही.

आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहा

पडवीत आतून डाग पडलेत म्हणून पट्टीच दोषी असं धरू नका. डाग पत्र्याच्या खालच्या पाइपाच्या रेषेत असतील, तर बहुतेक वेळा स्क्रूचे वॉशर वाळून फाटलेले असतात. डाग भिंतीवरून खाली ओघळत आले असतील, तर पट्टीवर संशय घ्यायला जागा आहे. पण तिथेही एक मेख आहे. पट्टीच्या वरची भिंत तडकलेली असेल किंवा उघड्या चिऱ्याची, म्हणजे गिलावा न केलेल्या जांभ्या दगडाची असेल, तर पाणी भिंतीच्या आत शिरतं आणि पट्टीच्या मागून खाली उतरतं. अशा भिंतीला कितीही चांगली पट्टी लावा, पाणी येतच राहणार. तिथे पट्टीच्या वरच्या भागाला बाहेरून गिलावा आणि बाहेरचा रंग हे काम पहिलं.

खात्री करायची तर पाइप लावून पाणी सोडा. सुरुवात खालून करायची. आधी फक्त पत्र्यावर, मग पट्टीच्या खालच्या कडेवर, मग वरच्या कडेवर, शेवटी भिंतीवर. प्रत्येक ठिकाणी पंधरा-वीस मिनिटं पाणी चालू ठेवा आणि एकाने आत टॉर्च घेऊन उभं राहा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून वाहतं आणि गळती कुठली ते कळत नाही.

पट्टी सैल का झाली हेही पाहून घ्या, कारण दुरुस्ती त्यावर ठरते. कधी भिंतीतली खाच सिमेंटने भरलेली असते आणि ते सिमेंट सुटून निघालेलं असतं. कधी स्क्रू एकमेकांपासून फार लांब असल्याने मधला भाग लोंबतो. कधी कोणीतरी आंबे काढायला चढताना पट्टीवरच पाय देतं. कोकणात वानरांच्या टोळ्या पत्र्यावर उड्या मारतात आणि पट्टीला बाक येतो, हा तर ठरलेला प्रकार. शिवाय उन्हाचा परिणाम असतोच. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलिमीटर लांब-आखूड होतो. दीड मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण हे रोज, वर्षभर चालतं आणि भिंत मात्र जागची हलत नाही. ताण येतो तो दोघांच्या मधल्या पट्टीवर.

एक सुटी कड नुसती गळतीच आणते असं नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. दोन्ही वेळा पत्र्याच्या छपरांचं मोठं नुकसान झालं. वारा सुट्या कडेखाली शिरला की पट्टी उचकटतो, मग पत्र्याच्या टोकाखाली जातो. किनाऱ्याजवळच्या घराने सैल पट्टी दुसऱ्या वर्षावर ढकलू नये.

वर चढण्याआधी

हा भाग वाचल्याशिवाय शिडी लावू नका. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर हे काम स्वतः करायचं नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याला भोक पाडलं, घासलं किंवा कापलं की उडणारे तंतू फुप्फुसात जातात. शिवाय हा पत्रा काहीही सूचना न देता पायाखाली फुटतो. मधे उजेडासाठी बसवलेले फायबरचे किंवा पॉलिकार्बोनेटचे पत्रेही तसेच. ऊन खाऊन ते कडक होतात आणि धुळीमुळे लोखंडी पत्र्यासारखेच दिसतात. त्यांच्या जागा आतून पाहून ठेवा आणि वर खडूने खुणा करा.

लोखंडी पत्र्यावरही पाय कुठेही ठेवू नये. पत्र्याखाली आडवे पाइप असतात, फॅब्रिकेटर त्यांना पर्लिन म्हणतात. स्क्रूंची ओळ जिथे दिसते, तिथे खाली पर्लिन आहे. त्या ओळीवरच वजन द्यायचं. त्याहून बरं म्हणजे दोन-तीन पर्लिनवर टेकेल अशी जाड फळी टाकून ती वरून दोरीने बांधून घ्यायची आणि फळीवर बसून काम करायचं. पत्रा पातळ असतो, घरगुती कामात बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. मधे पाय दिला की खड्डा पडतो आणि पुढे तिथे पाणी साचतं.

शिडीचा पाया भिंतीपासून किती लांब? शिडीचं टोक टेकतं त्या उंचीच्या पाव भाग. बारा फुटांवर टेकत असेल तर पाया तीन फूट बाहेर. खाली एक माणूस शिडी धरून उभा हवाच. छपरावरून विजेची तार जात असेल तर काम थांबवा आणि आधी वीज कंपनीला कळवा. हातात लांब पट्टी घेऊन वळताना तार लागायला क्षण पुरतो. दव वाळल्यावर सकाळी सुरुवात करून अकरापर्यंत वरचं काम आटोपलेलं चांगलं. मे महिन्यात दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही आणि तापलेल्या पत्र्यावर सीलंटही नीट बसत नाही.

सामान

पत्रा कापायची कात्री, लाकडी हातोडा, ड्रिल, भिंत कापायला डायमंड चकती लावलेला ग्राइंडर, रिपिट गन, सीलंटची गन, तारेचा ब्रश, टेप आणि दोरी. डोळ्यांना चष्मा, तोंडाला धुळीचा मास्क, हातात जाड मोजे. कापलेल्या पत्र्याची धार ब्लेडइतकी तीक्ष्ण असते.

पट्टी नवी घ्यायची असेल तर छपरावर जो पत्रा आहे त्याच जातीची घ्या. रंगीत पत्र्याला रंगीत, जस्ताच्या पत्र्याला जस्ताची. तांब्याची किंवा शिशाची वस्तू जस्ताच्या पत्र्यावर ठेवू नका, पावसाच्या पाण्यात जस्त खाल्लं जातं. पत्र्याच्या दुकानात बेंडिंग मशीन असतं, तिथे मापाने वाकवून मिळते. माप असं सांगा: भिंतीला टेकणारा भाग सहा इंच, पत्र्यावर पसरणारा भाग आठ इंच, वरच्या टोकाला भिंतीत खोचण्यासाठी एक इंचाचं वळण आणि खालच्या कडेला अर्धा इंच दुमड. ही दुमड मागायला विसरू नका. दुमडलेल्या कडेमुळे पट्टी ताठ राहते, वाऱ्यात फडफडत नाही आणि लोंबतही नाही.

स्क्रू षटकोनी डोक्याचे, रबरी वॉशर असलेले सेल्फ ड्रिलिंग, १२ नंबरचे. पट्टी नुसत्या पत्र्याला जोडायची तिथे आखूड चालतात; पर्लिनपर्यंत पोचायचं असेल तर ५५ मिलिमीटर किंवा उंचवट्याच्या मापाने त्याहून लांब. साधे लोखंडी स्क्रू समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत गंजून डोकं सोडतात.

सीलंट घेताना ट्यूबवरचं वाचा. पॉलियुरेथेन, म्हणजे दुकानदार ज्याला पीयू म्हणतो ते, किंवा न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन हवं. स्वस्तातलं, काच-आरशासाठी वापरतात ते सिलिकॉन नको. लावताना त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते सुकताना आम्ल सोडतं, त्याने जस्ताचा थर खराब होतो आणि सिमेंटलाही ते नीट चिकटत नाही.

प्रत्यक्ष काम

पायरी १: साफसफाई. आंब्या-फणसाची पानं पट्टीच्या मागे साचून कुजलेली असतात आणि तिथेच गंज लागतो. सगळं झाडून काढा. जुनं सीलंट पूर्णपणे खरवडा. जुन्यावर नवं लावलं तर नवं फक्त जुन्याला चिकटतं, पत्र्याला नाही. आळस होतो तो इथेच, आणि काम फसतं तेही इथेच.

पायरी २: जुनी पट्टी ठेवायची की बदलायची. गंजलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. नुसता तांबूस रंग असेल आणि खाली धातू कडक लागत असेल, तर ब्रशने घासून जस्ताचा प्रायमर मारला की पट्टी चालेल. टोक आत घुसत असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर ती पट्टी फेकून द्या. नुसता बाक असेल तर पट्टी काढून खाली सपाट फळीवर ठेवा आणि लाकडी हातोड्याने हळूहळू सरळ करा. लोखंडी हातोड्याने रंगाचा थर तडकतो. घडीवरच मुरडलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही. ती बदललेली बरी.

पायरी ३: भिंतीतली खाच. जुनी खाच असेल तर तिच्यातलं सुटलेलं सिमेंट काढून स्वच्छ करा. नसेल तर पत्र्याच्या उंचवट्यापासून सहा इंच वर दोरीने सरळ रेषा मारा आणि ग्राइंडरने एक इंच खोल खाच पाडा. खाच आतल्या बाजूला किंचित चढती हवी, म्हणजे आत गेलेलं पाणी बाहेर येईल. विटांच्या भिंतीत शक्यतो दोन थरांच्या मधल्या दरजेतून खाच काढा. चिऱ्याच्या भिंतीत दगड भुसभुशीत असल्याने कड ढासळते. तिथे आधी चार इंच रुंदीचा सिमेंटचा पट्टा ओढून घ्या, तो आठवडाभर पाणी मारून पक्का होऊ द्या आणि मग त्यात खाच पाडा. एवढा वेळ काढावाच लागतो. ब्रशने धूळ पूर्ण काढा. खाचेत बोट फिरवलं की बोटाला पूड लागता कामा नये.

रंगीत पत्रा मात्र ग्राइंडरने कापायचा नाही. उडणाऱ्या ठिणग्या रंग जाळून आत रुततात आणि महिन्याभरात तिथे गंजाचे ठिपके दिसायला लागतात. पत्र्यासाठी कात्रीच.

पायरी ४: पट्टी बसवणं. वरचं वळण खाचेत खोचा आणि दर दीड फुटावर पत्र्याच्या घडी केलेल्या तुकड्याची पाचर ठोका. पाचरीमुळे पट्टी खाली घसरत नाही. आता पट्टी हाताने हलवून पाहा. ती सीलंटशिवायच भिंतीत घट्ट धरलेली वाटली पाहिजे. हलत असेल तर पुढे जाऊ नका, पाचरी वाढवा.

दोन तुकड्यांचा सांधा सहा इंचांचा ठेवा. मधे सीलंटच्या दोन समांतर रेघा ओढायच्या, काठाला नाही, आतल्या बाजूला. सांध्याचं तोंड वारा जिकडून येतो त्याच्या उलट बाजूला हवं. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून बसवायला पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात करा, म्हणजे पश्चिमेचा तुकडा वर येतो आणि वारा सांध्यात पाणी घुसवत नाही.

पत्र्याचा उतार लांब असेल, पंधरा-वीस फुटांच्या पुढे, तर एकच पट्टी भिंतीलाही आणि पत्र्यालाही जखडू नका. खालची पट्टी फक्त पत्र्याला स्क्रूने जोडून भिंतीला नुसती टेकती ठेवायची आणि तिच्यावर तीन-चार इंच उतरणारी दुसरी पट्टी फक्त भिंतीत धरायची. पत्रा तापून सरकला तरी दोन्ही पट्ट्या एकमेकींवरून सरकतात, काही फाटत नाही. काम थोडं वाढतं, पण मोठ्या छपराला मी हीच पद्धत सुचवेन.

पायरी ५: स्क्रू. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरच मारायचे. खोलगट भागातून पाणी वाहतं, तिथे भोक पाडणं म्हणजे गळतीला आमंत्रण. एक उंचवटा सोडून दुसऱ्यावर स्क्रू पुरेसा. किनाऱ्याजवळ आणि उघड्या माळावर प्रत्येक उंचवट्यावर. पट्टी लोंबण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं की, पूर्वी चार-चार फुटांवर एक स्क्रू मारलेला असतो.

स्क्रू किती आवळायचा हे वॉशरकडे पाहून ठरवा. रबर धातूच्या चकतीखालून सगळीकडून अगदी थोडं बाहेर डोकावलं की थांबा. रबर चेपून वेडंवाकडं बाहेर आलं, तर ते उन्हात लवकर फाटेल. चकती हाताने फिरत असेल तर स्क्रू सैल आहे. ड्रिल शेवटी हळू चालवा. जुनं भोक मोठं झालं असेल तर त्यातच सीलंट भरू नका. १४ नंबरचा जाड स्क्रू घाला, नाहीतर भोक रिपिट आणि सीलंटने बंद करून शेजारी नवा स्क्रू मारा.

पट्टीच्या खाली, पत्र्याच्या खोलगट भागांत पोकळी राहते. जोराच्या वाऱ्यात पाऊस तिथून वर चढतो. पत्र्याच्या आकाराचे फोमचे तुकडे दुकानात मिळतात, ते स्क्रू मारण्याआधी आत बसवा. चिमण्या आणि गांधीलमाश्याही मग तिथे घर करत नाहीत.

पायरी ६: टोकं. पट्टी जिथे संपते तिथे ती तशीच उघडी सोडली, तर वाहत आलेलं पाणी नेमकं भिंतीत शिरतं. शेवटचे दोन इंच कात्रीने चिरून बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे पाणी भिंतीपासून लांब पडेल.

पायरी ७: सीलंट. आता खाच भरायची. खोलवर फोमची दोरी दाबा आणि वर साधारण एक सेंटिमीटर जाडीचं सीलंट राहील एवढीच जागा ठेवा. फोम घालायचा तो सीलंट वाचवण्यासाठीच नव्हे. सीलंट मागच्या बाजूला चिकटलं नाही तरच ते दोन्ही कडांमध्ये ताणू शकतं. ओल्या बोटाने किंवा चमच्याच्या पाठीने ते बाहेर उतरतं करा. गवंडी खाच सिमेंटने भरून देतो म्हणाला, तर नको म्हणा. साधं सिमेंट पत्र्याच्या हालचालीने एका उन्हाळ्यात तडकतं आणि ओलं सिमेंट जस्तालाही खातं.

पीयू सीलंट दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या वेगाने आत सुकतं, म्हणून पाण्याची चाचणी चार दिवसांनी. पीयू उन्हाने वरून पांढरट पडतं, त्यावर भिंतीचा रंग मारून घ्या. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

पायरी ८: बुरा झाडणं. ड्रिलचा लोखंडी बुरा मऊ झाडूने त्याच दिवशी काढा. रात्रीच्या दवात तो गंजतो आणि पत्र्यावर डाग सोडतो.

भिंत खाच घेऊ देत नसेल तर

काँक्रीटचा बीम आडवा आला, किंवा भिंत शेजाऱ्याची आहे आणि कापायला परवानगी नाही, तर दाबपट्टी वापरा. फ्लॅशिंगचा उभा भाग भिंतीला सपाट टेकवून त्यामागे सीलंटची सलग रेघ द्यायची, वरून एक इंच रुंद आणि तीन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची पट्टी ठेवायची आणि दर आठ-दहा इंचांवर नायलॉनचा प्लग घालून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू मारायचा. वरच्या कडेला पुन्हा सीलंट. ही रीत खाचेइतकी टिकाऊ नाही, कारण इथे वरची कड सीलंटवरच अवलंबून आहे. दर उन्हाळ्यात ती तपासावी लागेल.

पाऊस सुरू झालाच असेल तर

ओल्या पत्र्यावर चढू नका, मग आत कितीही गळत असो. आतून बादली लावा, विजेचं बटण किंवा दिवा जवळ असेल तर त्या खोलीचा मेन बंद करा. दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली तर सांधा फडक्याने कोरडा करून, स्पिरिटने पुसून ॲल्युमिनियमचा वरचा थर असलेला ब्यूटाइल टेप दाबून लावा. दिवाळीनंतर तो काढून वरचं काम नीट करायचं.

छप्पर दुमजली उंचीवर असेल, उतार उभा असेल किंवा पर्लिनच गंजलेले असतील, तर फॅब्रिकेटर बोलवा. त्याला "गळतंय, बघा" एवढंच सांगू नका. पट्टी खाचेत बसवणार की नुसती भिंतीला ठोकणार, सांधा किती इंचांचा, स्क्रू किती अंतरावर, सीलंट कुठलं, हे चार प्रश्न विचारा आणि कोटेशनवर लिहून घ्या. काम संपल्यावर पैसे देण्याआधी तुमच्यासमोर पाइपने पाणी सोडून दाखवायला सांगा.

पहिला जोराचा पाऊस झाला की त्याच दिवशी पडवीत उभं राहून भिंत आणि पत्र्याच्या सांध्याखालून हात फिरवा. ओल लागली तर ती जागा भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा. उघडीप आल्यावर नेमकी तीच पाचर किंवा तोच स्क्रू तपासायचा असतो.